जुनी थार घेतलीस? आधी खाली वाकून बघ

मित्रा, बंपर आणि लाइटबार राहू देत. आधी गाडी रॅम्पवर चढव आणि गंज शोधायला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठोकत जा. माझी गाडी कोकणातली. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे पाटे चासीला जोडणाऱ्या कडीजवळ, गंजाचे पापुद्रे हातात आले आणि पहिलं बजेट वेल्डिंगमध्येच गेलं. मग पाट्यांचे रबरी बुश, ब्रेक, कूलंटचे होज (पाइप). उरलेल्या पैशांत ऑल-टेरेन (डांबर-चिखल दोन्हीवर चालणारे) टायर, पण सीआरडीई या डिझेल मॉडेलचं मूळ मापच ठेव, २३५/७० आर १६. मोठ्या टायरने पिकअप मरतो, स्पीडोमीटरही कमी दाखवतो. बुलबार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) नकोच, २०१७ पासून बंदी आहे. त्यापेक्षा प्रेशर गेज आणि छोटा कॉम्प्रेसर घे. चिखलात २० पीएसआयपर्यंत हवा उतरव, डांबरीवर येताच पुन्हा भर.