नवीन खाणं आणि रिकामं होणारं भांडं

अगं, जास्त प्रोटीनचे कोरडे दाणे सुरू केल्यापासून तुझं कुत्रं पाणी जास्त पितंय, म्हणून लगेच घाबरू नकोस. प्रोटीन जास्त पोटात गेलं की त्याचा युरिया बनतो, तो लघवीवाटे बाहेर टाकायला मूत्रपिंडाला पाणी लागतं. त्यात तू आधी भात-चिकन द्यायचीस, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी जेवणातूनच जायचं. कोरड्या दाण्यांत ते जेमतेम १० टक्के. शिवाय मुंबईचा ऑक्टोबर!

अंदाजाने बोलू नकोस, मोज. सकाळी मापाच्या कपाने ५०० मिली ओत, दुसऱ्या सकाळी उरलेलं बघ. आमची पाच किलोची पोमेरेनियन पंख्याखालच्या लादीवर पसरून असते, तरी २५०-३०० मिली पिते. तेवढं ठीक. पण किलोमागे १०० मिलीच्या वर, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला अर्धा लिटर, गेलं तर खाण्याला दोष देत बसू नकोस. मधुमेह, मूत्रपिंड, आणि नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयातला पू, हे सगळं तपासावं लागतं. जवळचा डॉक्टर नसेल तर परळचं बैलघोडा, म्हणजे जनावरांचं हॉस्पिटल, आहेच. सकाळची लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन जा.

खाणं आठ-दहा दिवसांत हळूहळू बदल, दाण्यांवर कोमट पाणी घाल. आणि रात्री घरात शू होते म्हणून भांडं उचलून ठेवायचं नाही हं! मी केलंय ते, आमची बाथरूममधल्या बादलीत तोंड घालून बसली होती.