गाणी गाऊन सामाजिक न्यायाला खरंच काही हातभार लागतो का? मराठीतलं एखादं उदाहरण?

लागतो. पण गाणाऱ्यामागे चळवळ उभी असावी लागते, नुसत्या टाळ्यांनी काही होत नाही. माझ्या मते सगळ्यात पक्कं उदाहरण लाल बावटा कलापथकाचं, म्हणजे कम्युनिस्ट चळवळीतल्या शाहिरांच्या पथकाचं. 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तीन शाहिरांनी ते उभं केलं. श्रोते कोण, तर गिरणी कामगार आणि शेतकरी.

अण्णा भाऊंनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. गणात, म्हणजे तमाशाच्या सुरुवातीच्या वंदनगीतात, गणपतीऐवजी मायभूमीला वंदन आलं. (तेव्हा हे धाडसच होतं.) त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड (लावणीच्या ढंगाचं गाणं) नीट ऐका. सुरुवातीला वाटतं, पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावाकडच्या बायकोच्या आठवणीने झुरतोय. तिचं रूप, तिचा निरोप, मग मुंबईतली धनिकांची आणि उपाशी माणसांची दुनिया. आणि शेवटाकडे तीच मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव, कारवार, निपाणीचा मराठी मुलूख होते! भाषणात जे गळी उतरवायला तासभर लागला असता, ते विरहाच्या गाण्यात सहज बसलं.

अमर शेखांचा पहाडी आवाज तर सभा गोळा करायलाच पुरेसा असे.

1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. तो एकट्या शाहिरांमुळे झाला असं कुणी म्हणणार नाही, त्यामागे संयुक्त महाराष्ट्र चळवळ आणि तिचे 100 हून जास्त हुतात्मे आहेत. आणि बेळगावच्या सीमावादाची केस अजून सुप्रीम कोर्टात आहे.