दुसऱ्याचा मजकूर आपल्या नावावर : लोक असं का करतात आणि ते टाळायचं कसं?

प्रश्न असा आहे : ऑनलाइन ग्रुपमध्ये लोक दुसऱ्याचं लिखाण स्वतःच्या नावावर का टाकतात आणि ते टाळायचं कसं?

'का'चं उत्तर बहुतेक जण 'आळस' असं देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. आळशी माणूस लांबलचक पोस्ट वाचतच नाही. उचलेगिरी करणारा ती शेवटपर्यंत वाचतो, पहिली ओळ बदलतो, खालचं लेखकाचं नाव उडवतो, मधे दोन इमोजी पेरतो आणि लोक चहा घेत मोबाइल बघत असतात नेमकं तेव्हा टाकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तर आणखी एक पायरी असते. मजकूर सरळ पुढे पाठवला की वर 'फॉरवर्डेड' अशी खूण येते. ती दिसू नये म्हणून मजकूर कॉपी करून नव्या संदेशात चिकटवायचा. एवढी मेहनत आळशाच्या हातून होत नाही. उचलणाऱ्याला 'वा सर, काय लिहिलंय!' हे वाक्य हवं असतं. आणि पकडलं गेलंच तर 'मला असंच आलं होतं' म्हणायची सोय असतेच.

दुसरं कारण सवयीचं. शाळेत गाइडमधला निबंध पाठ करून उतरवला की पैकीच्या पैकी. प्रकल्पवहीत नेटवरची पानं छापून चिकटवली की 'छान' असा शेरा. 'हे कुठून घेतलंस?' असं बारावीपर्यंत कुणी विचारत नाही. मग पीएच.डी.ला नाव घातलं की एकदम युजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे उचलेगिरीविरुद्धचे नियम समोर येतात. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. त्यापुढे ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या. ६० पर्यंत वर्षभर सादर करायला बंदी. त्याहून जास्त असेल तर नोंदणीच रद्द. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात हे टप्पे लोकांना तोंडपाठ असतात. आणि तेच लोक संध्याकाळी ग्रुपवर दुसऱ्याचा अख्खा लेख टाकून खाली 'संकलन' लिहून स्वतःचं नाव लावतात. प्रबंधाला भीती आहे, पोस्टला नाही, एवढाच फरक.

तिसरं कारण पेज चालवणाऱ्यांचं. रोज काही पडलं नाही की पेजची पोच घसरते. चांगली पोस्ट लिहायला दिवस जातो, उचलायला मिनिट पुरतं. यापुढे या कारणावर बोलण्यासारखं काही नाही.

आता जे डोक्यात जातं ते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं अंगठ्याच्या चपला दाखवल्या आणि त्यांना नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं. कोल्हापुरीचं नाव नाही, कारागिरांचं नाही. आपण सगळे भडकलो आणि बरोबरच भडकलो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. ओरड झाल्यावर कंपनीनं महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. त्या आठवड्यात आपल्याकडच्या ग्रुपमध्ये निषेधाच्या पोस्टींचा पाऊस पडला, आणि त्यातल्या कितीतरी पोस्टी एकमेकांच्या उचललेल्या होत्या. नाव न दिल्याचा निषेध, तोही मूळ लिहिणाऱ्याचं नाव काढून! त्यात माझाही एक परिच्छेद होता. ज्या पेजवर तो होता त्याच्या चालकांना कळवलं तर उत्तर आलं, 'अहो, ज्ञान सगळ्यांचं असतं, आपल्या मातीचंच काम चाललंय ना?' पेजचं नाव घेत नाही. पण त्याच पेजवरच्या प्रत्येक फोटोवर यांचा स्वतःचा भलामोठा लोगो आडवा मारलेला असतो. ज्ञान सगळ्यांचं, लोगो मात्र यांचा.

हा युक्तिवाद अनेकांना खरा वाटतो, म्हणून उताराच समोर ठेवतो. कापशी हा कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार, आणि कान म्हणजे तिच्या बाजूच्या पट्ट्या. मूळ असा होता :

'कापशीचा कान वरून पाहिला की साधा वाटतो. खरी करामत खाली, तळाच्या शिलाईत आहे. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, कातड्याच्याच वादीनं शिवलेलं, एक खिळा नाही.'

पेजवर तो असा झाला : 'कापशी चपलेचे कान वरकरणी साधे दिसतात, परंतु खरे कसब तळाच्या शिवणीत असते. बाभूळ व हिरडा वापरून कमावलेले चामडे एकही खिळा न वापरता चामडी दोरीने शिवले जाते.'

यात नेमकं काय चोरलंय ते बघा. बाभूळ, हिरडा, वादी, खिळा नसणं ही धंद्यातली माहिती आहे. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारा, तो सांगेल. ती माझी नाही, पेजचीही नाही. कुणाची असलीच तर ती पिढ्यान्‌पिढ्या कातडं कमावणाऱ्यांची आणि चपला शिवणाऱ्यांची. पण कानापासून सुरू करून नजर खाली तळाकडे न्यायची, वरचं साधं आणि खालचं अवघड अशी जोडी लावायची आणि 'खिळा नाही' वर थांबायचं, ही मांडणी लिहिणाऱ्याची आहे. शब्द सगळे बदललेत, सांगाडा तसाच आहे. 'मी शब्द बदलले की' म्हणणाऱ्यांना हा सांगाडा दिसत नाही. आता तर हे काम एआयला सांगून दोन सेकंदांत होतं. वाक्य न् वाक्य वेगळं, मुद्द्यांचा क्रम जसाच्या तसा. ती उचलेगिरीच.

कायदाही हीच रेघ मारतो. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच सांगितलंय की कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना यांवर कॉपीराइट नसतो, तो त्यांच्या मांडणीवर असतो. म्हणजे शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला आरक्षणाचा आदेश काढला हे कुणीही लिहावं. त्यावर दुसऱ्यानं लिहिलेला परिच्छेद मात्र त्याचा. पांढऱ्या रश्श्याचंही तेच. अळणी (मटण शिजवलेलं पाणी), नारळाचं दूध, काजू, खसखस ही यादी कुणाच्या मालकीची नाही. कृती ज्या शब्दांत सांगितली ते शब्द मात्र सांगणाऱ्याचे.

आता टाळायचं कसं. प्रामाणिक माणसाच्या हातून उचलेगिरी होते ती लिहिताना नाही, टिपण काढताना. मोबाइलवर वाचताना चांगलं वाक्य दिसलं, नोट्समध्ये चिकटवलं, महिन्याभरानं उघडलं तर ते आपलंच वाटतं. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी लिंक, मग लेखकाचं नाव आणि तारीख, मग अवतरणचिन्हं उघडून मजकूर, चिन्हं बंद. खाली 'मी :' लिहून स्वतःला काय वाटलं ते. 'मी :' नंतरचं तेवढं तुमचं. लिंक 'नंतर टाकू' म्हणून सोडली की ती कधीच पडत नाही.

लिहायला बसताना मूळ लेख बंद करा. उघडा ठेवून लिहिलं की तीच वाक्यरचना उतरते, कितीही जपलं तरी. कच्चं लिखाण झालं की मूळ उघडून ताडून बघा. सलग सहा-सात शब्द तेच आले असतील तर एक तर अवतरणात टाका, नाही तर वाक्य मोडून नव्यानं लिहा. युजीसीच्या नियमात सलग १४ शब्दांपर्यंतचं नेहमीचं किंवा योगायोगानं जुळणारं मोजणीतून वगळतात, पण ती यंत्राच्या मोजणीसाठीची सवलत आहे; १४ शब्द उचलायची परवानगी नव्हे. आणि मुद्द्यांचा क्रम बघा. तो जुळत असेल तर वेगळ्या प्रश्नापासून सुरुवात करा. वरच्याच विषयात 'एक खिळा नाही, मग चप्पल टिकते कशी?' असं विचारून सुरू केलं की तुम्हाला दुकानात जाऊन कारागिराला विचारावं लागेल, आणि येणारं उत्तर तुमचं स्वतःचं असेल.

श्रेय देताना 'साभार', 'नेटवरून', 'वाचनात आलं', 'व्हॉट्सअ‍ॅपवरून' हे काही कामाचं नाही. व्हॉट्सअ‍ॅप लेख लिहीत नाही. असं लिहा : 'तळाच्या शिलाईचा मुद्दा अमुक यांच्या तमुक तारखेच्या पोस्टमधून घेतलाय, लिंक ही. बाकीचं माझं.' काय घेतलं तेही सांगायचं, नुसतं कुणाचं घेतलं एवढं नाही. आणि हे वर, पहिल्या दोन ओळींत टाका. लांब पोस्ट 'आणखी पहा'खाली दडते आणि पुढे पाठवणारे शेपूट कापतात. खालचं नाव सगळ्यात आधी गळतं.

अख्खा लेख टाकायचा असेल तर टाकूच नका, शेअरचं बटण वापरा. बंद ग्रुपमधली पोस्ट बाहेर शेअर होत नाही, तिथं लेखकाला विचारा : 'तुमचा हा लेख आमच्या ग्रुपवर तुमच्या नावासकट टाकू का? काही बदलणार नाही.' बहुतेक जण हो म्हणतात. शेअरचा एक फायदा लोक विसरतात. लेखकानं पुढे चूक दुरुस्त केली तर शेअर केलेल्या पोस्टीत दुरुस्त मजकूर दिसतो, चिकटवलेल्यात चूक तशीच राहते आणि वर्षानुवर्षं फिरते. विकिपीडियावरचा मजकूर वापरता येतो, पण त्यालाही अट आहे : श्रेय द्यायचं, बदल केलेत हे सांगायचं आणि आपला मजकूर त्याच परवान्याखाली ठेवायचा. 'विकिपीडिया फुकट आहे' म्हणून नाव गाळायचं नाही.

तुमचंच कुणी उचललं असेल तर शोधायला आपल्या मजकुरातले सात-आठ शब्द दुहेरी अवतरणात घालून गूगलमध्ये टाका. मराठीत एक खोच आहे. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतला ऱ्य युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्याला सारखाच, यंत्राला वेगळा. असा शब्द नसलेला तुकडा निवडा. ऱ्हस्व-दीर्घाची तुमची एखादी खास चूक असेल तर ती घालून शोधा, पटकन सापडतं. बंद ग्रुपमधलं गूगलला दिसत नाही, ते कुणी तरी कळवलं तरच कळणार.

सापडलं की आधी पुरावा, मग भांडण. पत्ता, तारीख, नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, पोस्ट सगळ्यांना दिसणारी असेल तर वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपून ठेवणारी साइट) साठवा. स्वतःचा कच्चा खर्डा आणि गूगल डॉक्समधला आवृत्त्यांचा इतिहास पुसू नका. मग त्या माणसाला खाजगीत निरोप : एक तर नाव घाला, नाही तर काढा. चारचौघांत सुरुवात केली की तो अडून बसतो आणि त्याचे मित्र गोळा होतात. दोन दिवसांत हललं नाही तर अ‍ॅडमिन, मग फेसबुकचा कॉपीराइट तक्रारीचा अर्ज. त्यात मूळ पोस्टची लिंक, नकलेची लिंक आणि मजकूर माझाच असल्याची घोषणा लागते. तुमचं नाव आणि संपर्क समोरच्याला कळू शकतो, म्हणून वेगळा ईमेल ठेवा.

फोटोचं थोडक्यात : कोपऱ्यातलं नाव कापता येतं, म्हणून ते चपलेच्या कानावरून जाईल असं टाका. मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली तारीख-कॅमेऱ्याची माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते.

'नोंदणी केलीय का?' असं कुणी दरडावलं तर घाबरू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणीची सक्ती नाही. लिहून झालं की हक्क तुमचा, लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं. कलम ५७ प्रमाणे तुम्ही कॉपीराइट विकला असला तरी लेखक म्हणून नाव सांगायचा हक्क उरतो. लेखी तक्रार गेली की मजकूर साठवणाऱ्या कंपनीनं ३६ तासांत तो दिसेनासा करायचा असतो, पण फक्त २१ दिवसांसाठी; तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो परत दिसू शकतो. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. एका पोस्टीसाठी कुणी तिथवर जात नाही. पुस्तक छापून विकत असतील किंवा तुमच्या मजकुरावर क्लास चालवत असतील, तर मात्र आधी वकिलाला भेटा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. जात्यावरच्या ओव्या, म्हणी, तोंडोतोंडी आलेली गाणी यांना लेखक नसतो. पण गावोगाव फिरून ती गोळा करणारा असतो, त्याचं नाव घाला. परीक्षणात किंवा टीकेत दुसऱ्याच्या चार ओळी घेणं कलम ५२ प्रमाणे चालतं, नावासकट. लेखक खरंच सापडत नसेल तर 'लेखक माहीत नाही, कळवल्यास नाव घालू' असं लिहा आणि कळवल्यावर खरंच घाला. एखाद्या गाजलेल्या दिवंगत साहित्यिकाच्या नावावर मात्र ढकलू नका. आणि कुणी नववी-दहावीतलं पोर उचलून टाकत असेल तर त्याला ग्रुपमध्ये फाडून खाऊ नका, बाजूला घेऊन लिंक कशी द्यायची ते दाखवा. पेज चालवणाऱ्या पन्नाशीच्या काकांना ही सवलत नाही.