बिग टेनने लागोपाठ तीन नॅशनल टायटल्स जिंकूनही एसईसीवाले त्यांना भारी का मानत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की अटलांटाला नवीन आहात आणि ऑफिसात सगळ्यांचं एकच पालुपद, खरं फुटबॉल एसईसीचंच, बाकीचे नुसते खेळतात. (अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये युनिव्हर्सिटींच्या टीम्सचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. एसईसी हा दक्षिणेकडचा, बिग टेन हा मूळचा उत्तरेकडचा.) मी बिग टेनमधल्या ओहायो स्टेटला एमएस केलं आणि तेव्हापासून कोलंबसलाच आहे, पण हे वाक्य मी माझ्या घरात, माझ्याच डायनिंग टेबलवर ऐकत आलोय, कारण आमचे साडू अलाबामात हंट्सव्हिलला असतात आणि पक्के बामावाले, म्हणजे एसईसीतल्या अलाबामा टीमचे फॅन आहेत. त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी त्यांचं खरं आहे ते मान्य करतो. २००६ ते २०२२ या १७ सीझनमध्ये १३ टायटल्स एसईसीकडे गेली, पहिली सात तर ओळीने. सुरुवात आमच्यापासूनच झाली. जानेवारी २००७, ग्लेनडेलला फायनल, आम्ही १२-० (बारा जिंकलेल्या, हार एकही नाही), नंबर एक, आमच्या ट्रॉय स्मिथकडे हाइझमन, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी. आमच्या टेड गिनने पहिलाच किकऑफ थेट एंड झोनपर्यंत नेला, मग सगळे आनंदाने त्याच्या अंगावर पडले त्यात त्याचा पाय दुखावला, आणि फ्लोरिडाने ४१-१४ धुतलं. मॅच संपायच्या आत साडूंचा फोन, हॅलो नाही काही नाही, नुसतं एस-ई-सी, एस-ई-सी. बरं, फ्लोरिडाशी यांचा काय संबंध? बामा स्वतः त्या सीझनला ६-७ होती!

तेव्हापासून मी एकच सांगतोय, टायटल टीम जिंकते, कॉन्फरन्स नाही. त्या १३ पैकी ६ एकट्या अलाबामाची, सगळी कोच निक सेबनच्या काळातली. उरलेली फ्लोरिडा, एलएसयू (लुइझियाना स्टेट), जॉर्जिया आणि एक ऑबर्नचं. केंटकी, व्हँडरबिल्ट, साउथ कॅरोलायना, मिसिसिपीच्या दोन्ही टीम्स, यांनी काय केलं? टेनेसीचं शेवटचं टायटल १९९८ चं. पण छाती सगळ्यांचीच फुगलेली.

हे मला कळलं ते २१ डिसेंबर २०२४ च्या रात्री. टायटलसाठीच्या बारा टीम्सच्या प्लेऑफचं पहिलं वर्ष, मॅच चक्क आमच्या कॅम्पसवर, समोर टेनेसी. बामा ९-३ वर अडकून बाहेर राहिली होती, टीम्स निवडणाऱ्या समितीने त्यांच्याऐवजी एसईसीबाहेरच्या एसएमयूला घेतलं, त्यावरून साडू धुसफुसत होते. सुट्टीला सगळे आमच्याकडेच उतरलेले, म्हणून मी तिकिटं काढली. आता बघा, बामा आणि टेनेसीचं वैर म्हणजे ऑक्टोबरचा तिसरा शनिवार, जिंकेल तो सिगार पेटवतो. त्याच सीझनला नॉक्सव्हिलमध्ये टेनेसीने बामाला २४-१७ हरवलं होतं आणि साडूंनी आठवडाभर फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगसुद्धा टाकलं नव्हतं. आणि हेच साडू त्या रात्री अंगात बामाचं लाल जॅकेट घालून टेनेसीसाठी ओरडत होते.

थंडी उणे चारच्या आसपास, बाकावर टेकवत नव्हतं, हातात ते गरम पाउच धरलेले तरी बोटं बधिर. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० हरलो होतो, त्या रागात आमच्याच कितीतरी लोकांनी तिकिटं विकून टाकलेली, त्यामुळे जिकडे बघावं तिकडे टेनेसीचा नारिंगी रंग. पुढच्या रांगेतला एक टेनेसीवाला मागे वळला, साडूंचं जॅकेट बघून आधी बिचकला, मग टाळी दिली आणि दोघं मिळून एस-ई-सी, एस-ई-सी. पहिल्याच चढाईत आमच्या विल हॉवर्डचा लांब पास जेरेमाया स्मिथकडे, टचडाउन, पहिला क्वार्टर संपला तेव्हा २१-०, मॅच ४२-१७. लेन अव्हेन्यूवरून गाडीकडे चालताना मी विचारलं, "आज हरलं कोण, तुम्ही की टेनेसी?" ते म्हणाले, "टेनेसी." म्हणजे जिंकलं की सगळ्यांचं आणि हरलं की ज्याचं त्याचं! तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हेच आहे.

आमच्याकडे असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये मिशिगनने टायटल जिंकलं, म्हणजे बिग टेनचंच, पण मी काही पेढे वाटले नाहीत, कोलंबसमध्ये मिशिगनसाठी कोणी टाळी वाजवत नाही. इंडियानाचंही तेच, डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी आम्हाला १३-१० हरवलं तेव्हा मला त्रासच झाला. पण मग त्यांनी रोझ बोलमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या क्वार्टरफायनलला, बामाला ३८-३ ने लोळवलं आणि पुढे मायामीला हरवून टायटल नेलं. मिशिगन, ओहायो स्टेट, इंडियाना, तीन वर्षं आणि तीन वेगळ्या टीम्स. साडू म्हणतात इंडियानाचं नशीब. ३८-३ मध्ये नशीब कुठे असतं?

एसईसी एवढी वर्षं वर का होती, तर पोरं दक्षिणेतच जास्त तयार होतात, सेबनसारखा कोच होता, आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही, एका टीमला जास्तीत जास्त ८५ स्कॉलरशिप द्यायची परवानगी असताना तिथल्या काही टीम्स जागेपेक्षा जास्त पोरं साइन करून ठेवायच्या आणि मग कोणाला तरी बाहेरचा रस्ता दाखवायच्या. बिग टेनमध्ये हे १९५६ पासून बंद होतं. शिवाय मोठ्या मॅचेस उबदार गावांत. जानेवारी २००८ ची फायनल आम्ही एलएसयूशी न्यू ऑर्लिन्समध्ये खेळलो, त्यांच्या बॅटन रूजहून गाडीने दीडएक तासावर! २०२१ पासून एनआयएलचे, म्हणजे खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर मिळणारे, पैसे उघड झाले आणि ट्रान्सफर पोर्टलमधून टीम बदलून लगेच खेळता येऊ लागलं, तिथे गणित बदललं, कारण बिग टेनच्या मोठमोठ्या युनिव्हर्सिटींकडे माजी विद्यार्थी आणि पैसा दोन्ही भरपूर.

हेही सांगायला हवं की आमची २०२४ ची टीम स्वस्तातली नव्हती, खेळाडूंवर दोन कोटी डॉलरच्या आसपास गेल्याचं आमच्याच अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने सांगितलंय, आणि केलेब डाउन्स अलाबामाहून आला, क्विनशॉन जडकिन्स ओल मिसहून (मिसिसिपी युनिव्हर्सिटी), म्हणजे दोघं एसईसीतूनच. त्यामुळे बिग टेन आता कायमची पुढे गेली असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये बामाने आम्हाला ५२-२४ मारलेलं मी बघितलंय.

ऑफिसात वाद निघालाच तर समोरच्याला पहिल्यांदा त्याची टीम विचारा. टेनेसी, साउथ कॅरोलायना म्हणाला तर खुशाल भिडा, दुसऱ्याच्या ट्रॉफीवर त्याला बोलू देऊ नका. जॉर्जिया म्हणाला तर मात्र ऐकून घ्या, २०२१ आणि २०२२ त्यांनी स्वतः कमावलीत. २०२२ च्या सेमीफायनलला तुमच्याच अटलांटात आमची ५० यार्डांची किक चुकली आणि ते ४२-४१ ने पुढे गेले.