इतिवृत्त आदल्या रात्रीच

«ताई, मी 36 वर्षांची. सोलापूर जिल्ह्यात एका संस्थेतर्फे लोकसहभागाचं काम करते. ‘आमचा गाव, आमचा विकास’च्या आराखड्यासाठी ग्रामसभांची तयारी करून देते. सभेला तेच पंचवीस-तीस पुरुष येतात, सरपंच बोलतात, बाकीचे माना डोलावतात. वस्तीवर संध्याकाळी बसावं, बायकांना आधी बोलू द्यावं असं मला फार वाटतं. पण भांडण झालं, कुणी राजकारण आणलं तर गावात पुन्हा पाय ठेवता येणार नाही. वरिष्ठ म्हणतात, चाललंय ते बिघडवू नका. कामात मी कुठे कमी पडत नाही, ग्रामसेवक भाऊसाहेबांना मदत म्हणून सभेचं इतिवृत्तही आदल्या रात्रीच टाइप करून ठेवते. तरी हल्ली सभेहून परतताना रडू येतं. हिंमत कुठून आणू? — एक समन्वयक»

अगं, हिंमतीबद्दलचं तुझं सगळं वाचलं, पण माझं मन त्या इतिवृत्तापाशीच अडकून राहिलं. आदल्या रात्री टाइप करतेस! म्हणजे सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव ‘सर्वानुमते मंजूर’, हे सगळं सभा भरायच्या आधीच कागदावर आलेलं असतं. आता सांग, एखादी बाई उठून म्हणाली की सिमेंटचा रस्ता नको, आधी आमच्या वस्तीच्या नळाला पाणी आणा, तर तिचं वाक्य त्या कागदावर कुठे बसणार? ती बोलली की तुझा कागद खोटा पडतो. मग ती बोलू नये अशीच सभा तू चालवतेस, भले तुझ्या मनात तसं नसेल. घाईने विषय उरकतेस, ‘काही शंका?’ विचारतेस आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातेस. मी तिथे नव्हते, पण तयार कागद हातात असलेला माणूस दुसरं काही करूच शकत नाही.

सरपंचांबद्दल आणि तुझ्या वरिष्ठांबद्दल मी काही बोलणार नाही. तो कागद त्यांनी नाही, तू लिहिलास. तुला रडू येतं ते बरोबरच येतं, आणि ते थांबावं म्हणून मी तुझी समजूत घालणार नाही.

शिवाय ज्याला तू धोका म्हणतेस त्यातला बराचसा भाग कायद्यातच आहे. बायकांना आधी बोलू द्यावं? महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचीच असते, त्यासाठी कुणाच्या हिंमतीची गरज नाही. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जी संख्या कमी असेल ती. तुझे पंचवीस-तीस जण बहुतेक गावांत तिथवर पोचत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. गावोगाव हीच वाट रुळली आहे आणि तुझ्या टाइप केलेल्या पानाने ती आणखी गुळगुळीत केली. इतिवृत्त लिहिण्याची जबाबदारी ग्रामसेवकांची, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची आहे, हे तर तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

तेव्हा वस्तीवरची बैठक, लोकांना बोलतं करायचे नवे खेळ, नकाशे, सगळं तूर्त बाजूला ठेव. पुढच्या सभेला कोरं रजिस्टर घेऊन जा. जे बोललं जाईल ते बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहायचं, आणि उठण्याआधी सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं. सह्या त्यानंतर.

हे मोठ्याने वाचणं साधं वाटेल. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात डिसेंबर 1994 मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली, तेव्हा मुख्यतः हेच केलं. कामांची बिलं आणि हजेरीपटातली नावं लोकांसमोर वाचली आणि विचारलं, हे खरं आहे का? माहितीच्या अधिकाराच्या देशभरच्या चळवळीला बळ मिळालं ते अशा सुनावण्यांतून. कागदावर काय लिहिलंय ते कानावर पडलं की माणूस बोलतो, मग तो शाळेत गेलेला असो वा नसो.

तुझी भीती मी खोटी म्हणत नाही. पहिल्या वेळी कदाचित कुणीच बोलणार नाही आणि रजिस्टरात चार ओळी येतील. चारच लिही. किंवा वाद होईल आणि ठरावच होणार नाही. तर ‘ठराव झाला नाही’ असं लिही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात बहुमताने निर्णय होत नाही, सगळ्यांची संमती लागते. कुणाचा विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. त्यामुळे ते गाव अडून राहिलं नाही. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं.

एका धोक्याचा मात्र तुझ्या पत्रात उल्लेखच नाही, आणि मला काळजी त्याचीच वाटते. तुझ्याबद्दल तक्रार गेली तर वरिष्ठांचा फोन येईल, फार तर गाव बदलेल. पण जी बाई सरपंचांच्या भावकीच्या रानात मजुरीला जाते, तिचं नाव विरोधात लिहिलं गेलं तर दुसऱ्या दिवशी तिला काम मिळेल का? म्हणून लिहिण्याआधी तिला विचार, नाव घालू का? नको म्हणाली तर ‘वस्तीतील काही महिलांनी सांगितले’ एवढंच लिही. महिला सभेत ती बोलली आणि मोठ्या सभेत गप्प बसली, तर तिला उठवून उभं करू नकोस. तिचं म्हणणं तू वाच, तुझ्या आवाजात, सगळ्यांसमोर. त्यावरून कुणी चिडलं तर तुझ्यावर चिडू दे. तुला पगार आहे, पाठीशी संस्था आहे, आणि रात्री तू दुसऱ्या गावी झोपतेस.

तुझ्या लॅपटॉपमधला जुना मसुदा, ज्यात फक्त तारीख आणि गावाचं नाव बदलायचं असतं, तो आज पुसून टाक. आणि भाऊसाहेबांशी उद्याच बोल, सभेच्या दिवशी नाही. या वेळी लिहून आणणार नाही, तिथेच बसून लिहू, दोघं मिळून, असं सांग. ते कुरकुरतील. कुरकुरू देत.