पाव, पाय आणि कंपनी

यंत्रे येण्यापूर्वी पीठ पायांनी तुडवीत असत म्हणून त्या पदार्थाला ‘पाव’ म्हणत आणि यंत्राने तो होऊ लागल्यावर त्याचा ‘ब्रेड’ झाला, हे खरे आहे का, असा प्रश्न आला आहे. खरे नाही. ही पायांची कथा मी इतक्यांदा आणि इतक्या आत्मविश्वासाने ऐकली आहे की, आता तिचा उबग आला आहे. पायाला ‘पाँव’ म्हणतात ते हिंदीत. मराठी माणूस पायाने तुडवतो. पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आलेला त्यांचा सानुनासिक ‘पाँव’ हाच आपला पाव, आणि त्याचे मूळ लॅटिन ‘पानिस’. लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव, असे सांगणारे विद्वान स्वतःला पायवाल्यांपेक्षा शहाणे समजतात. पण चौथाईचा ‘पाव’ आणि ‘पाय’ हे दोन्ही संस्कृत ‘पादा’चीच लेकरे असल्यामुळे दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या घरी उतरले आहेत.

पीठ तुडवण्याची चाल काही ठिकाणी होती, एवढे मान्य. लंडनमधल्या तळघरांतल्या भट्ट्यांत रात्रभर हातांनी कणीक तिंबणाऱ्या कामगारांचा घाम त्या कणकेतच कसा मिसळतो, याचे किळसवाणे वर्णन ट्रेमेनहीर यांच्या १८६२च्या सरकारी अहवालात आहे. त्याच वर्षी तेथे ‘एरेटेड ब्रेड कंपनी’ उभी राहिली. तिचे संस्थापक डॉ. जॉन डॉग्लिश यांनी १८५६ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीत कार्बन डायऑक्साइड वायू दाबाखाली पाण्यात विरघळवून ते पाणी बंद भांड्यात यंत्रानेच पिठात कालवत. दाब काढला की पीठ आपोआप फुगे, त्यामुळे खमीर नको, आंबवणे नको आणि तासन्‌तास वाट पाहणेही नको. हातांचा किंवा पायांचा स्पर्श नसलेला पाव, हाच यंत्रवाल्यांचा मोठा मुद्दा होता. आपल्याकडच्या पायांच्या कथेला त्याच किळशीने बळ दिले असावे, असा माझा कयास आहे.

परंतु मला खरा आनंद होतो तो त्या नावातल्या तिसऱ्या शब्दाचा. ‘कंपनी’ म्हणजे ‘कोम्’ अधिक ‘पानिस’: एकत्र पाव खाणाऱ्यांची संगत. म्हणजे त्या पाटीवर पाव दोनदा लिहिलेला होता, आणि आपण ज्याला ‘कंपनी सरकार’ म्हणत होतो तेही व्युत्पत्तीने वडापावातल्या पावाचे सख्खे भाऊबंद ठरते. गोव्याचा ‘पोदेर’, म्हणजे पाव भाजणारा, हासुद्धा पोर्तुगीज ‘पादेयरू’मार्फत याच कुळातला. ‘कंपनी’चा हा समास अस्सल लॅटिन नसून ‘एकाच पावाचे वाटेकरी’ या अर्थाच्या ‘गहलैबा’सारख्या जर्मानिक शब्दाचे भाषांतर आहे, असा आक्षेप काही पंडित मोठ्या विजयी मुद्रेने घेतात. असेना! भाषांतर करणाऱ्यालाही ‘पानिस’च आठवला, आणि ‘गहलैबा’च्या पोटातही इंग्रजी ‘लोफ’चा सगाच बसला आहे. अँग्लो-सॅक्सन लोक पावाला ‘ह्लाफ’च म्हणत, त्या ‘ह्लाफ’चा राखणदार तो ‘लॉर्ड’, आणि त्याची कणीक मळणारी ती ‘लेडी’. यंत्र आले तेव्हा खरे तर ‘लेडी’चीच नोकरी गेली म्हणायची.

राहता राहिला ‘ब्रेड’. मराठीत साच्यातल्या चौकोनी, कापलेल्या पावाला ब्रेड म्हणतात आणि लादीच्या पावाला पाव. लादीचे पीठ यंत्रात मळले तरी त्याचा ब्रेड होत नाही.