सोमालियावर काम करायचंय, पण घरी पटत नाही

प्रश्न: मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमान कुटुंबातली. पुण्यात बी. ए. राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात सोमालियाचे काही विद्यार्थी आहेत. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमासाठी मी पोस्टर केलं आणि त्यावर सोमालियाचा निळा झेंडा काढला. हर्गेसाची माझी मैत्रीण त्या पोस्टरपुढे उभी राहायलाच तयार होईना. मोगादिशूच्या मुलाशी तिचं कडाक्याचं भांडण झालं. मला कळेना, सगळे सोमाली, सगळे सुन्नी, मग भांडण कसलं? तेव्हापासून मी मिळेल ते वाचतेय. सोमाली लोक राजकारणाकडे आणि स्वतःच्या ओळखीकडे कसे पाहतात, मुसलमानांच्या बातम्यांमध्ये त्यांचं चित्र कसं रंगवलं जातं, यावर मला काम करायचंय. अब्बा जहाजावर होते. त्यांच्या लेखी सोमाली म्हणजे चाचे. ते म्हणतात, बी. एड. कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. आणि कॉलेजातले एक सर म्हणाले, "तू मुसलमान, म्हणून तुला त्यांचा कळवळा." यात खरंच करिअर आहे का?

उत्तर: आधी त्या पोस्टरबद्दल बोलू, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

२६ जून १९६० ला ब्रिटिश सोमालीलँड स्वतंत्र झालं, १ जुलैला इटलीच्या ताब्यातला दक्षिणेचा भाग स्वतंत्र झाला, आणि त्याच दिवशी दोन्ही एक झाले. झेंड्यावरच्या ताऱ्याची पाच टोकं म्हणजे सोमाली लोक राहतात ते पाच प्रदेश. त्यातले जिबुती, इथिओपियातलं ओगादेन आणि केनियाचा ईशान्य भाग हे तीन त्या देशात कधी आलेच नाहीत. मोगादिशूच्या मुलाला त्या झेंड्यात परक्यांनी तोडलेली माणसं एक करण्याचं स्वप्न दिसत असेल. तुझ्या मैत्रिणीच्या घरी त्याच झेंड्याची वेगळी आठवण असणार. १९८८ मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बर्रे याच्या सरकारने उत्तरेकडच्या, स्वतःच्याच हर्गेसा शहरावर विमानांतून बॉम्ब टाकले. शहर जवळपास जमीनदोस्त झालं, लाखो माणसं जीव मुठीत धरून इथिओपियात पळाली. हर्गेसाच्या मध्यवस्तीत आजही एक मिग विमान चौथऱ्यावर चढवून ठेवलेलं आहे, त्याच बॉम्बफेकीचं स्मारक म्हणून. १८ मे १९९१ ला सोमालीलँडने, म्हणजे हर्गेसा राजधानी असलेल्या जुन्या ब्रिटिश भागाने, आपण वेगळे होत असल्याचं जाहीर केलं. त्यांचं चलन आहे, निवडणुका होतात, झेंडाही वेगळा आहे, पण जगातल्या बहुतेक देशांची मान्यता नाही. आता यावरून "उत्तरेकडच्या सगळ्यांना वेगळं व्हायचंय" असं लिहिशील तर तेही चुकेल. २०२३ मध्ये पूर्वेकडच्या लास अनोदमध्ये नेमकी यावरूनच लढाई पेटली. तिथल्या अनेकांना हर्गेसाच्या राज्यात राहायचंच नव्हतं.

म्हणजे "सोमाली लोकांचं मत" असं एक मत नाही. हे ज्याला पक्कं कळलं, त्याच्या हातून या विषयात काही चांगलं काम होऊ शकतं.

धर्माचंही तेच. ते सुन्नी आहेत, आणि बहुतेक सगळे शाफई मजहबचे, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या एकाच परंपरेतले, तुम्हा कोकणी मुसलमानांसारखेच. हिंदी महासागरातल्या व्यापाराने हा मजहब दोन्ही किनाऱ्यांवर नेला. पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली सूफी परंपरा आहे आणि त्याच सूफींचे दर्गे पाडणारी अल-शबाब ही सशस्त्र संघटनाही आहे. १४ ऑक्टोबर २०१७ ला मोगादिशूच्या गजबजलेल्या चौकात स्फोटकांनी भरलेला ट्रक उडाला, ५०० हून अधिक माणसं गेली. मेलेले जवळजवळ सगळे सोमाली, मुसलमान. "मुस्लिम दहशतवाद" असा मथळा दिला की ही माणसं त्यात कुठेच दिसत नाहीत. शिवाय सत्तेच्या वाटणीत धर्म नव्हे, कुळ बघितलं जातं. २००० साली जिबुतीतल्या आर्ता इथे झालेल्या शांतता परिषदेपासून तिथे साडेचारचं सूत्र चालतं. चार मोठ्या कुळांना एकेक वाटा, आणि बाकीच्या सगळ्या अल्पसंख्याकांना मिळून अर्धा. त्या अर्ध्या वाट्यातल्या माणसांना, पिढीजात चामड्याचं किंवा लोहाराचं काम करणाऱ्यांना, बांटू सोमालींना, आपल्या देशाबद्दल काय वाटतं हे फार कमी जणांनी विचारलंय.

आता एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण तुला जे करायचंय ते सगळं त्यात आहे. १ जानेवारी २०२४ ला इथिओपिया आणि सोमालीलँड यांच्यात, इथिओपियाला समुद्राकडे वाट देण्याबाबत करार झाला. मोगादिशूचं सरकार खवळलं. त्याच महिन्यात अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातल्या सोमाली वंशाच्या सदस्य इल्हान ओमर मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसमध्ये सोमाली लोकांपुढे सोमालीत बोलल्या आणि त्या कराराला विरोध केला. भाषणाचा व्हिडिओ इंग्रजी उपशीर्षकांसह फिरू लागला. त्यात त्या "आम्ही आधी सोमाली, मग मुसलमान" अशा अर्थाचं काही म्हणतायत असं दाखवलं होतं. तो पसरवण्यात सोमालीलँडच्या बाजूचे लोक पुढे होते, कारण त्यांचा राग कराराच्या विरोधावर होता. पण अमेरिकेतल्या वाचकाला ना करार माहीत, ना हर्गेसा माहीत. त्याने वाचलं ते एवढंच, की एका मुसलमान बाईची निष्ठा अमेरिकेशी नाही. बड्या रिपब्लिकन नेत्यांनी चौकशीची मागणी केली, कुणी निंदाठराव आणायला निघालं, कुणी त्यांना देशाबाहेर काढा म्हणालं. मिनेसोटातल्या पत्रकारांनी स्वतंत्र भाषांतरकारांकडून भाषण तपासून घेतलं, तेव्हा ती उपशीर्षकं मूळ बोलण्याशी जुळत नसल्याचं स्पष्ट झालं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

यात काय काय होतं बघ. सोमालींमधलं आपसातलं राजकारण होतं, ते दुसऱ्या देशात जाताच "मुसलमानांचा प्रश्न" झालं, आणि हा फेरफार ओळखायला सोमाली ऐकून समजणारी माणसं लागली. त्या आठवड्यात ज्या बातमीदाराकडे भाषा होती किंवा भाषा येणारी भरवशाची माणसं होती, त्याचीच बातमी टिकली.

म्हणून माझा पहिला सल्ला: सोमाली शिक. नियमित वर्ग शोधत बसण्यापेक्षा तुझ्या मैत्रिणीपासूनच सुरुवात कर, तिला त्या बदल्यात मराठी शिकव. १९७२ पासून ही भाषा अधिकृतपणे रोमन लिपीत लिहिली जाते. त्यात "एक्स" हे अक्षर अरबीतल्या घशातल्या "ह"साठी आणि "सी" हे "ऐन"साठी वापरतात. तू लहानपणी कुराण वाचायला शिकली असशील, तर ते उच्चार तुला आधीच येतात. माझ्यासारखीला त्यासाठी महिनोन्‌महिने घासावं लागलं असतं. बीबीसीची सोमाली सेवा १९५७ पासून चालू आहे, तिची बातमीपत्रं रोज ऐक. आणि कविता ऐक. या समाजात कवीच्या शब्दाला राजकारणात वजन आहे; हद्रावी या कवीला सियाद बर्रेच्या राजवटीने वर्षानुवर्षं कैदेत ठेवलं ते कवितांपायी. बंदी असलेल्या कविता कॅसेटवरून गावोगाव पोचत. हर्गेसाच्या सांस्कृतिक केंद्राने अशा हजारो कॅसेट जपून ठेवल्या आहेत.

आता त्या सरांचं बोलणं. तुला ते लागलंय हे पत्रातून कळतं, आणि लागण्यासारखंच आहे. एखाद्या मराठी मुलाने फ्रेंच राजकारणाचा अभ्यास करायचं ठरवलं तर त्याला कुणी कळवळ्याचं कारण विचारत नाही. तुझं मुसलमान असणं हा तुझा दोष नाही. पण ते तुझं प्रमाणपत्रही नाही, हे मला तितक्याच आपुलकीने सांगायचंय. मशिदीत तुला पटकन आत घेतील, घरात चहा मिळेल. तेवढ्याने कुळांचं राजकारण कळणार नाही. २०१५ मध्ये सोमालीलँडच्या नावाने एक संशोधनपत्रिका निघाली आणि तिच्या संपादक मंडळावर एकही सोमाली नव्हता. सफिया अइदीद या सोमाली-कॅनेडियन इतिहासकाराने त्यावर जाहीर प्रश्न उभा केला, आणि जगभरच्या तरुण सोमाली अभ्यासकांनी तो उचलून धरला: आमच्याबद्दलचं ज्ञान आम्हाला वगळून कोण तयार करतं? हा प्रश्न तुलाही लागू आहे. तू सोमाली नाहीस. तेव्हा पहिल्या दिवसापासून सोमाली सहकाऱ्यांबरोबर काम कर, त्यांचं नाव लेखावर येऊ दे, त्यांना मोबदला मिळू दे. मोगादिशूत २०२२ पासून "बिलान" नावाचा फक्त स्त्रियांनी चालवलेला वृत्तकक्ष आहे. त्या मुलींचं काम वाच. सोमाली बायकांबद्दल बाहेरून लिहिलेलं आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं शेजारी ठेवलंस, की फरक तुझा तुलाच दिसेल.

आणि कळवळ्याचीही परीक्षा असते. मिनेसोटात कोविडच्या काळात मुलांच्या जेवणाच्या सरकारी योजनेत सुमारे २५ कोटी डॉलरचा घोटाळा झाला. २०२२ मध्ये आरोप ठेवले गेले, आरोपींमध्ये बहुतेक सोमाली वंशाचे होते. ज्या संस्थेच्या आडून हे झालं, तिची संस्थापक गोरी अमेरिकन बाई. २०२५ च्या मार्चमध्ये तीही दोषी ठरली. तुला यावर लिहायचं झालं तर काय करशील? घोटाळा झाकायचा नाही, मुलांच्या तोंडचा घास पळवला गेलाय. पण आरोपींचा गुन्हा सगळ्या समाजाच्या माथी मारायचाही नाही. त्या समाजातल्याच लोकांना त्याची सर्वांत जास्त लाज आणि चीड आलेली आहे, त्यांच्याशी बोल. हे जमलं की सरांना उत्तर द्यायची गरज उरणार नाही.

पैशाचं स्पष्ट सांगते. "सोमालियाचे अभ्यासक पाहिजेत" अशी जाहिरात तुला आपल्याकडे दिसणार नाही. पोटापाण्यासाठी दुसरं कौशल्य लागेल, आणि हा विषय त्यावर उभा राहील. तुझ्या पत्राची भाषा बघता मी पत्रकारिता सुचवेन, त्यातही बातम्यांची पडताळणी आणि भाषांतर. मराठी वृत्तकक्षांना इंग्रजीतून नेमकं मराठी करणारी माणसं कायम कमी पडतात. संशोधनाची ओढ जास्त असेल तर मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात आफ्रिकन अभ्यास केंद्र आहे, १९७१ पासूनचं. दिल्लीत जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठातही आफ्रिकेचा अभ्यास होतो. प्रवेशाच्या तारखा आणि अटी थेट विद्यापीठाकडून घे. एम. ए. नंतर नेट दिलीस तर शिकवण्याचा मार्गही खुला राहतो, म्हणजे अब्बांची बी. एड.मागची काळजी थोडी कमी होईल. परदेशी जायचं तर चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर ब्रिटनमध्ये एक वर्षाचं एम. ए. करता येतं, पण त्यासाठी साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. त्यामुळे आधी नोकरी, मग अर्ज. मदतसंस्था आणि संयुक्त राष्ट्रांची कामं हा तिसरा रस्ता आहे. तिथली प्रादेशिक कचेरी बहुधा नैरोबीत असते, आणि नैरोबीतलं ईस्टली हे सोमाली व्यापाऱ्यांचं मोठं ठिकाण आहे.

मोगादिशूला जाण्याची घाई करू नकोस. होदान नलायेह ही सोमाली-कॅनेडियन पत्रकार सोमालियातल्या मासेमारांच्या, दुकानदारांच्या, समुद्रकिनाऱ्यांच्या चांगल्या गोष्टी जगाला दाखवायला परत गेली होती. १२ जुलै २०१९ ला किस्मायोच्या हॉटेलवर हल्ला झाला, त्यात ती आणि तिचा नवरा गेले. त्या देशात मारल्या गेलेल्या पत्रकारांची यादी लांब आहे आणि ते बहुतेक स्थानिकच आहेत. सुरुवातीची काही वर्षं तुझं काम पुण्यातून, मुंबईतून, फोनवरून पुष्कळ होऊ शकतं.

राहिले अब्बा. त्यांची भीती खोटी नाही. चाच्यांनी पकडलेल्या जहाजांवर आपल्याकडची पोरं होती, महिनोन्‌महिने घरच्यांचा जीव टांगणीला लागला होता. मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाने "रुएन" जहाज सोडवलं आणि ३५ चाच्यांना मुंबईत आणलं, ते त्यांनी टीव्हीवर बघितलंच असेल. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना विचार, एडनच्या आखातातून जाताना रात्री पहारा कसा असायचा, जिबुतीच्या बंदरात कोण भेटायचं. सरकार कोसळल्यावर परक्या ट्रॉलरांनी तिथला मासा कसा ओरबाडून नेला हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असण्याची शक्यता आहे; कोकणच्या माणसाला ट्रॉलर काय करतो हे सांगावं लागत नाही.

मग त्यांना महमूद मत्तानबद्दल सांग. हर्गेसाचा खलाशी, ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा, कार्डिफमध्ये स्थायिक झालेला, तीन मुलांचा बाप. एका दुकानदार बाईच्या खुनाचा आळ त्याच्यावर आला. कोर्टात त्याच्याच वकिलाने त्याला अर्धा रानटी म्हटलं. ३ सप्टेंबर १९५२ ला त्याला फाशी दिली. १९९८ मध्ये कोर्टाने ती शिक्षा रद्द केली, २०२२ मध्ये तिथल्या पोलिसांनी माफी मागितली. त्याच काळात कोकणातले खलाशीही ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर होते. तुझ्या घराण्यातही कुणी असतील, अब्बांना नावं ठाऊक असतील.

एवढं बोलून झालं की त्यांच्याकडे दोन वर्षं माग. पहिल्या वर्षी पत्रकारितेचा अभ्यासक्रम आणि रोज तासभर सोमाली, दुसऱ्या वर्षी पगाराची नोकरी आणि स्वतःच्या नावावर या विषयावरचे निदान चार-पाच छापून आलेले लेख. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरून ठेवायलाही हरकत नाही, अब्बांना दिलासा मिळेल. दोन वर्षांनी नोकरी नसेल किंवा लेख नसतील तर बी. एड.ला जायचं, हे तुझ्याच तोंडून त्यांना सांग. अब्बा मुंबईला येणार असतील तर त्यांनाही माझ्याकडे घेऊन ये. तिघं बसून आकडेमोड करू: फी किती, पुण्यातलं भाडं किती, आणि पहिला पगार येईपर्यंत घरून किती लागेल.